रतामाच्या झुडपाखाली

खिन्न मनाचा मनुष्य आणि त्याचा देव

(मंडळीची प्रार्थनासभा व घरची उपासना ह्यांकरिता पाठ)

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-२१
तोंडपाठ करावयाचे वचन : स्तोत्र ३४:१८

दररोजची वाचने :
सोमवार – १ राजे १८:३६-४६. विजयाचा दिवस.
मंगळवार – १ राजे १९:१-८. झुडपाखालची झोप.
बुधवार – १ राजे १९:९-२१. डोंगरावरील संभाषण.
गुरुवार – स्तोत्र ४२. स्वतःच्या जिवाशी बोलणे.
शुक्रवार – मार्क ६:३०-३४. प्रभू शिष्यांस विसाव्यासाठी नेतो.
शनिवार – २ करिंथ १:३-११. पौलाची निराशा.
रविवार – मत्तय २६:३६-४६. प्रभूचे स्वतःचे दुःख.

पाठाचा हेतू : मनाची खिन्नता म्हणजे अविश्वास नव्हे, हे समजून घेणे, आणि देव खिन्न मनुष्याशी जसा वागला तसे वागावयास शिकणे.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांत एक समजूत फार दिवसांपासून रुजली आहे. ती अशी की, खऱ्या ख्रिस्ती मनुष्याचे मुख सदा प्रसन्न असले पाहिजे, आणि ज्याच्या मनाला खिन्नतेने घेरले त्याच्या विश्वासात काहीतरी उणे आहे. ही समजूत कोणी उपदेशपीठावरून शिकविली असेल वा नसेल. परंतु ज्याला ताप येतो त्याच्या घरी आपण समाचारास जातो, आणि ज्याचे मन खचते त्याच्याविषयी पाठीमागे कुजबुजतो, ह्यावरून ती आपल्या अंगी किती मुरली आहे हे दिसून येते. ह्या समजुतीमुळे किती तरी दुःखी माणसे आपले दुःख झाकून मंदिरात येतात, गीते गातात, आणि तसेच झाकलेले दुःख घेऊन घरी परततात. काही जण तर यावयाचेच सोडून देतात. म्हणून पवित्र शास्त्र ह्याविषयी काय शिकविते ते आज एका थोर संदेष्ट्याच्या चरित्रावरून पाहू.

१. विजयानंतरचा दिवस

एलीयाने कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकट्याने उभे राहून परमेश्वराच्या नावाची साक्ष दिली. स्वर्गातून अग्नी उतरला. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर पाऊस पडला. त्या पावसात एलीया कंबर कसून अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत गेला. हे अंतर सुमारे २५ किलोमीटरांचे आहे. ह्याहून मोठा दिवस कोणत्या सेवकाच्या वाट्यास आला असेल?

पण पुढल्याच अध्यायात काय दिसते? ईजबेल राणीचा एक जासूद येतो, जिवे मारण्याची धमकी देतो, आणि हाच एलीया जीव घेऊन पळत सुटतो. इज्रेलपासून बैर-शेबापर्यंत म्हणजे देशाच्या दक्षिण टोकापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर तो गेला. तेथे त्याने आपल्या चाकरास मागे ठेविले आणि एकटाच आणखी एक दिवसाची वाट रानात चालून गेला. शेवटी एका रतामाच्या झुडपाखाली तो बसला आणि आपला जीव काढून घ्यावा अशी त्याने देवाला विनवणी केली.

रताम हे ओसाड प्रदेशातील काटक झुडूप होय. त्याच्या काड्या बारीक व पाने थोडी, त्यामुळे त्याची सावली आपल्याकडील बाभळीच्या सावलीसारखी विरळ पडते. भर उन्हात, अशा अपुऱ्या सावलीत, देवाचा एक मोठा सेवक मरण मागत बसला आहे, हे चित्र शास्त्राने आपल्यापासून लपविले नाही. याकोबाने आपल्या पत्रात (५:१७) एलीयाची गणना आपल्यासारख्याच साध्या माणसांत केली आहे. मोशेनेही असेच मरण मागितले होते (गणना ११:१५). यिर्मयाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला (यिर्मया २०:१४). आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. ह्या माणसांना शास्त्राने अविश्वासी म्हटले नाही. त्यांच्या प्रार्थना आपल्या प्रार्थना व्हाव्यात म्हणून त्या जपून ठेविल्या.

एलीया खचला ह्याची कारणे शोधू गेल्यास ती अगदी साधी आहेत. पुष्कळ दिवस त्याच्या मनावर ताण होता, मोठ्या परिश्रमानंतर शरीर थकले होते, पोटात अन्न नव्हते, झोप नव्हती, जवळ सोबती नव्हता, आणि ज्या यशाने राष्ट्र पालटेल असे वाटले त्याचे फळ दिसेना. ज्या शेतकऱ्याने वर्षभर राबून पीक हाती येण्याच्या वेळी ते गमावले आहे, ज्या मातेने आजारी लेकराजवळ महिनाभर रात्री जागून काढल्या आहेत, त्यांना हे वर्णन समजावून सांगावे लागणार नाही.

२. देवदूताने प्रथम काय केले

आता ह्या पाठातील मुख्य गोष्ट लक्षात घ्या. देवाने एलीयाकडे दूत पाठविला. त्या दूताने त्याला उपदेश केला नाही. कर्मेलची आठवण देऊन त्याला लाजविले नाही. त्याने त्याला स्पर्श केला आणि उठून खावयास सांगितले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचा चंबू होता. एलीयाने खाल्ले, प्याला, आणि पुन्हा निजला. दूताने त्याला निजू दिले. मग दुसऱ्यांदा येऊन पुन्हा जेवू घातले, आणि पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे हेही मान्य केले.

स्पर्श, अन्न, पाणी, झोप, आणि पुन्हा अन्न! परमेश्वराची पहिली सेवा ही अशी होती. आपण मनुष्याचे दोन तुकडे करतो. शरीर वैद्याचे आणि आत्मा पाळकाचा, असे म्हणतो. परंतु ज्याने मनुष्याला मातीपासून घडवून त्यात श्वास घातला तो ह्या दोहोंचा संबंध जाणतो. आजचे वैद्यकशास्त्र हेच सांगते की झोप बिघडली म्हणजे मन बिघडते, आणि मन बिघडले म्हणजे झोप आणखी बिघडते. अंगात रक्त कमी असणे, गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे, बाळंतपणानंतरचे शरीरातील पालट, दारूचे व्यसन, दीर्घ दुखणे, ह्या सर्वांचा परिणाम मनावर होतो. बाळंतिणीने तान्ह्या मुलाकडे पाहून रडत बसावे, आणि सासूने तिला कृतघ्न म्हणावे, असे आपल्या घरांत घडत आले आहे. वास्तविक त्या सुनेला औषधाची व विसाव्याची गरज असते.

आपल्या प्रभूनेही हाच मार्ग धरिला. शिष्य दौऱ्यावरून थकून आले तेव्हा त्याने त्यांस नवे काम न सांगता एकांती विसावा घ्यावयास नेले. याईराच्या मुलीला उठविल्यावर तिला खावयास द्या असे त्याने सांगितले. प्रभूला भाकरीचा विसर पडला नाही.

३. ऐकून घेणारा देव

अन्नाच्या बळावर एलीया चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेब डोंगरास पोहोचला व एका गुहेत राहिला. तेथे परमेश्वराने त्याला नावाने हाक मारून, तो तेथे कशासाठी आला आहे असे विचारले. देवाला ते ठाऊक नव्हते काय? होते. पण सांगणाऱ्याला सांगण्याची गरज होती. एलीयाने आपले सर्व गाऱ्हाणे मांडले : मी झटलो, लोकांनी करार मोडला, संदेष्टे मारले, मी एकटा उरलो, आणि माझाही जीव घ्यावयास ते टपले आहेत.

त्यानंतर सोसाट्याचा वारा सुटला, भूमिकंप झाला, अग्नी आला. पण परमेश्वराची भेट त्यांत झाली नाही. मग अगदी हळू, शांत अशी वाणी आली. एलीयाने अंगरख्याने तोंड झाकले आणि तो गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. ज्याच्या मनावर घाव पडले आहेत त्याला मोठा आवाज सोसवत नाही, हे देव जाणतो. आपण मात्र अशा मनुष्याच्या घरी दहा जण मिळून जातो आणि सर्व जण एकदम मोठ्याने बोलू लागतो.

दहावे व चौदावे वचन शेजारी ठेवून वाचा. परमेश्वराने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला आणि एलीयाने तेच उत्तर शब्दशः पुन्हा दिले. वारा, भूकंप, अग्नी व शांत वाणी ह्या सर्वांनंतरही त्याचे गाऱ्हाणे तसेच होते. खिन्न मनुष्य तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, ऐकणारा कंटाळतो. देव कंटाळला नाही. हे तू आताच सांगितलेस, असे तो म्हणाला नाही.

४. काम आणि सोबती

सर्व ऐकून घेतल्यावर परमेश्वराने त्याची चुकीची समजूत हळुवारपणे दूर केली. एलीयाला वाटत होते की तो एकटाच उरला. देवाने सांगितले की इस्राएलात सात हजार माणसे अशी आहेत ज्यांनी बआलापुढे गुडघा टेकला नाही. खिन्नता मनुष्याला नेहमी सांगते की तू एकटा आहेस, तुझा उपयोग नाही, पुढे काही नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपल्याकडे म्हणतात ते ह्यासाठीच. त्या वेळी मन जे सांगते ते सर्व खरे मानू नये. परंतु ही सुधारणा देवाने केव्हा केली हेही पाहा. झोप, अन्न, प्रवास व श्रवण ह्यांच्यानंतर, त्यांच्याआधी नव्हे.

त्याने तीन कामेही नेमून दिली : हजाएल व येहू ह्यांस अभिषेक करणे, आणि अलीशाला आपल्या जागी नेमणे. ह्यांतील अलीशाचे काम एलीयाने स्वतः केले. हजाएल व येहू ह्यांच्यासंबंधीची कार्ये पुढे अलीशाच्या हातून पार पडली (२ राजे ८ व ९). म्हणजे देवाने सर्व भार थकलेल्या मनुष्याच्या एकट्याच्या खांद्यावर ठेविला नाही. जे त्याच्याने झाले नाही ते सोबत्याने केले.

आणि तो सोबती कोठे सापडला? शेतात. बारा जोड्या बैलांचे नांगर चालले होते आणि बाराव्या जोडीबरोबर अलीशा स्वतः होता. एलीयाने त्याच्यावर आपला झगा टाकला, आणि त्या दिवसापासून तो एकटा राहिला नाही. पौलासही असाच अनुभव आला. मासेदोनियात त्याच्या जिवास आत-बाहेर कोठेच स्वस्थता नव्हती, आणि देवाने त्याचे सांत्वन केले ते तीताच्या येण्याने (२ करिंथ ७:५-६). सांत्वन पुष्कळ वेळा मनुष्याच्या पायांनी चालत येते.

ज्याने मरण मागितले त्याची ती एकच प्रार्थना देवाने मान्य केली नाही. पुढे एलीया वावटळीतून स्वर्गास घेतला गेला (२ राजे २:११). जो मरावयास निघाला होता त्याला मरणाची चव घ्यावी लागली नाही. झुडपाखाली बसलेल्या मनुष्याला आपल्या आयुष्याचा पुढचा अध्याय दिसत नसतो, एवढे तरी ह्यावरून आपण शिकावे.

५. स्वभावाविषयी दोन शब्द

येथे कोणी म्हणेल की काही माणसे जन्मतःच रडवी असतात. स्वभावाला औषध नाही. ह्यात अर्धे खरे आहे. माणसामाणसांचे स्वभाव निराळे असतात हे लोकांनी फार पूर्वी ओळखले. प्राचीन ग्रीक वैद्य शरीरातील चार रसांवरून स्वभावाचे चार प्रकार करीत, आणि उदास स्वभावाचे कारण काळे पित्त असे मानीत. आपले वैद्य वात, पित्त, कफ ह्यांवरून प्रकृती सांगत आले. काळ्या पित्ताची कल्पना आता कोणी मानीत नाही. तथापि जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून एवढे ठरले आहे की चिंता करण्याचा किंवा आनंदी राहण्याचा कल काही अंशी जन्माबरोबर येतो, आणि काही अंशी घर, अनुभव व सवयी ह्यांनी घडतो.

तेव्हा ज्याला जन्मतः हसरा स्वभाव लाभला त्याने तो आपल्या पवित्रपणाचा पुरावा समजू नये, आणि ज्याला गंभीर स्वभाव लाभला त्याने तो आपला अपराध समजू नये. प्रभूने आपल्या बारा शिष्यांत उतावळा पेत्र घेतला आणि शंकेखोर, निराशेकडे झुकणारा थोमाही घेतला. थोमाला दर्शन देताना त्याने त्याच्या स्वभावाची थट्टा केली नाही. त्याला जो पुरावा हवा होता तो त्याच्यापुढे केला. बेथानीच्या घरी मार्था व मरीया दोघी होत्या, आणि योहान म्हणतो की प्रभूची दोघींवर प्रीती होती (योहान ११:५).

आपल्या महाराष्ट्रातील मंडळीच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांचे घर सर्वांस परिचित आहे. टिळक भावनेच्या भरात धावणारे, शीघ्रकोपी व तितकेच उदार. लक्ष्मीबाई व्यवहारी, धीट आणि दुःखातही विनोद शोधणाऱ्या. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावर ह्या दांपत्याला काही वर्षांचा वियोग सोसावा लागला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात त्या काळचे त्यांचे अश्रू आहेत आणि त्यांचे हसूही आहे; एकाने दुसऱ्यास खोटे पाडलेले नाही. देवाने दोन भिन्न स्वभाव एका कामास लाविले. एकाला मोडून दुसऱ्यासारखे केले नाही.

पौलाने गलतीकरांस लिहिताना (५:२२) ज्या आनंदाला आत्म्याचे फळ म्हटले तो आनंद म्हणजे स्वभावाचा हसरेपणा नव्हे. फळ हळूहळू पिकते. त्याला ऋतू लागतो. देवाने मला सोडले नाही ही जाणीव आणि त्या जाणिवेवर आजचा दिवस काढण्याचे बळ, असे त्या आनंदाचे रूप असते. तो अश्रूंबरोबर राहू शकतो.

६. देवाच्या सेवकांचे अनुभव

लंडन शहरातील प्रख्यात उपदेशक चार्ल्स स्पर्जन (१८३४-१८९२) ह्यांच्या उपदेशास हजारो लोक जमत. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी सरे गार्डन्स म्युझिक हॉल ह्या सभागृहात ते उपदेश करीत असता कोणी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली, आणि चेंगराचेंगरीत सात माणसे मृत्यू पावली. त्या वेळी स्पर्जन बावीस वर्षांचे होते. त्या धक्क्याने त्यांचे मन पार खचले, आणि खिन्नतेचे झटके त्यांना पुढे आयुष्यभर येत राहिले. त्यांनी हे लपविले नाही. आपल्या विद्यार्थ्यांस दिलेल्या व्याख्यानांपैकी एक त्यांनी ह्याच विषयावर दिले, आणि त्यात बैठे काम, कोंदट खोली, अतिश्रम ही कारणे सांगून मोकळ्या हवेची व विश्रांतीची शिफारस केली.

विल्यम कूपर (१७३१-१८००) हा इंग्रज कवी. १७६३ साली त्याच्या मनाचा तोल गेला व त्याने आत्मघाताचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्स येथील नॅथॅनिएल कॉटन ह्या सहृदय डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो बरा झाला आणि तेथेच त्याला ख्रिस्ताची ओळख पटली. पुढे ओल्नी ह्या गावी जॉन न्यूटन पाळक असता त्या दोघांनी मिळून रचलेला गीतसंग्रह १७७९ साली निघाला. त्यात कूपरची साठांहून अधिक गीते आहेत. परंतु १७७३ मध्ये त्याचे दुखणे उलटले होते, आणि देवाने आपल्याला टाकले आहे ही भ्रामक खात्री त्याच्या मनातून पुढे कधीच पुरती गेली नाही. न्यूटनने त्या आजारात त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. कूपर बाग करी, पाळलेल्या सशांची निगा राखी, आणि जमेल तेव्हा लिही. ज्याला स्वतःस सांत्वन मिळेना त्याच्या गीतांनी असंख्यांचे सांत्वन झाले. काही दुखणी ह्या जन्मात पुरती बरी होत नाहीत. त्यावरून देवाने त्या मनुष्याला टाकले असे अनुमान कोणी काढू नये.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. डॉक्टर स्टॅन्ली जोन्स (१८८४-१९७३) हे मेथडिस्ट मिशनरी १९०७ साली हिंदुस्थानात आले. आठेक वर्षांच्या कामानंतर त्यांचे शरीर व मन वारंवार कोसळू लागले. स्वदेशी विश्रांती घेऊन परतल्यावरही तसेच झाले. शेवटी लखनौ येथे प्रार्थनेत त्यांनी आपला सर्व भार देवावर सोपविला, आणि त्यांस नवे बळ मिळाले. ही हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेविली आहे. आता विचार करण्याजोगी गोष्ट ही की, प्रार्थनेत बरे झालेल्या ह्या मनुष्याने, इतरांनी केवळ प्रार्थना करावी, असे म्हटले नाही. १९५० साली त्यांनी त्याच लखनौ शहरात नूर मंझिल ही मनोरुग्णांच्या उपचाराची संस्था स्थापिली, जेथे वैद्यकशास्त्र व प्रार्थना दोन्ही एका छपराखाली आहेत.

७. एक कबुली

ह्या लेखकास येथे स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. आमच्या मंडळीतील एक शेतकरी लागोपाठ दोन वर्षे कापूस हातचा गेल्यावर मंदिरात येईनासा झाला. मी त्याच्या घरी गेलो. तीन शास्त्रवचने वाचली, ख्रिस्ती मनुष्याने निराश होणे शोभत नाही असे सांगितले, प्रार्थना केली, चहा घेतला व निघालो. तो हात जोडून ऐकत होता. आठ दिवसांनी त्याची पत्नी वाटेत भेटली. ती म्हणाली, “पाळकसाहेब, तुम्ही येऊन गेलात आणि ते आणखीच गप्प झाले. म्हणतात, आता देवही माझ्यावर रागावला.”

ते शब्द मी अद्याप विसरलो नाही.

त्याच मंडळीत एक वृद्ध विधवा होती. तिला अक्षरओळख नव्हती. ती रोज सांजेला पदराखाली भाकर व पिठले घेऊन त्या घरी जाई, ओसरीवर त्याच्याजवळ बसे, आणि तो दोन घास खाईपर्यंत उठत नसे. फारसे बोलतही नसे. तिच्या मुलाने एके दिवशी, काही गाजावाजा न करता, त्या घरातील फवारणीच्या औषधाचा डबा उचलून आपल्या घरी कुलपात नेऊन ठेविला. पुढे तोच त्याला एस.टी.ने जिल्ह्याच्या रुग्णालयात घेऊन गेला. तेथील डॉक्टरांच्या गोळ्या त्या शेतकऱ्याने वर्षभर घेतल्या. आज तो मंदिरात येतो, दाराजवळ बसतो, आणि लवकर निघून जातो. आम्ही त्याला साक्ष देण्याचा आग्रह करीत नाही. तो जिवंत आहे व आपल्या लेकरांत आहे, हीच त्याची साक्ष होय.

त्या विधवेने एकोणिसावा अध्याय वाचला नव्हता. पण देवदूताचे काम तिने केले. मी अध्याय पुष्कळदा वाचला होता.

८. मंडळीने काय करावे

पहिले, ओळखावे. दुःखाच्या प्रसंगी रडू येणे स्वाभाविक आहे, आणि ते काळाने ओसरते. परंतु दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक सर्व दिवस मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप किंवा भूक मोडणे, अंगात त्राण नसणे, आपण कुचकामी आहो असे वाटणे, मरणाचे विचार येणे, ही लक्षणे एकत्र दिसल्यास ते दुखणे समजावे आणि डॉक्टरांस दाखवावे. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. थोडे बरे वाटताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

दुसरे, प्रत्येक मनोविकाराला भूतबाधा किंवा करणी म्हणू नये. मत्तयाने (४:२४) प्रभूकडे आणलेल्या दुखणाइतांची यादी देताना भूतग्रस्त निराळे व फेफरेकरी निराळे सांगितले आहेत. लूक हा वैद्य होता, आणि पौलाने त्याला प्रिय म्हटले आहे. आजाऱ्याला बांधणे, उपाशी ठेवणे, धूर देणे, मारणे हे प्रभूच्या नावाने करणे म्हणजे त्या नावाचा अपमान होय.

तिसरे, मरणाची भाषा कोणी बोलू लागल्यास ती थट्टेवारी नेऊ नये. तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात काय, असे प्रेमाने व सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट, विचारल्याने बोलावयास वाट मिळते. अशा मनुष्यास एकटे सोडू नये, आणि कीटकनाशके त्याच्या हाताबाहेर ठेवावी. गावांत रागाच्या किंवा निराशेच्या एका घटकेत जे जीव जातात त्यांपैकी पुष्कळ, तो डबा हाताशी नसता तर वाचले असते.

चौथे, मदत कोठे मिळते ते ठाऊक असावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ हा आहे. तो विनामूल्य आहे, अहोरात्र चालू असतो, आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांचे डॉक्टर भेटतात. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, ज्याने आत्मघाताचा प्रयत्न केला तो मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते, आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. पोलिसांच्या भयाने कोणी उपचार लांबवू नये. ज्या घरी असा मृत्यू झाला असेल त्या घरच्यांस मंडळीने टाकू नये. त्यांच्या दारात आपणच आधी जावे.

पाचवे, आपल्या स्वतःच्या मनाची राखण करावी. वेळेवर निजणे, भाकर सर्वांनी मिळून खाणे, दिवसाकाठी थोडे चालणे, दारूपासून दूर राहणे, आठवड्याचा विसाव्याचा दिवस खरोखर विसाव्याचा ठेवणे, आणि ज्याच्यापाशी मन उघडता येईल असा एक तरी स्नेही जोडून ठेवणे, ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु देवाने एलीयाला ह्यांच्याच द्वारे सावरले.

विचारविनिमयासाठी प्रश्न

१. एलीयाच्या खिन्नतेची कोणती कारणे ह्या अध्यायात दिसतात? त्यांपैकी कोणती आपल्या गावात दिसतात?
२. देवाने ज्या क्रमाने एलीयाला साहाय्य केले तो क्रम सांगा. आपण कोणता क्रम धरतो?
३. एलीयाने तेच उत्तर दोनदा दिले. ह्यावरून ऐकणाऱ्याने काय शिकावे?
४. स्वभावाचा हसरेपणा आणि आत्म्याचे फळ असलेला आनंद ह्यांत भेद कोणता?
५. गेल्या तीन महिन्यांत आपल्या मंडळीत कोण दिसेनासे झाले आहे? ह्या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाईल, आणि हातात काय घेऊन जाईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर सभेत मोठ्याने देऊ नये. घरी जाऊन द्यावे.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, झुडपाखाली निजलेल्या तुझ्या सेवकास तू लाजविले नाहीस, भाकर दिलीस; म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. आमच्यांत जे आज मरण मागत बसले आहेत त्यांच्याकडे आमचे पाय वळीव. आमचे तोंड आवर आणि आमचे हात उघड. ज्यांना तू दूर वाटतोस त्यांच्यापाशी तूच शांतपणे बैस. आणि गेथशेमाने बागेत ज्याचा जीव दुःखाने भरून आला, त्या आमच्या प्रभू येशूच्या नावाने आम्ही हे मागतो. आमेन.